सहावा अंक

सांगलीसारख्या नाटकवेड्या गावात ज्याचा जन्म गेला, त्याला ‘एकच प्याला’ आपण किती वेळा पाहिला हे सांगता येणे कठीण. मी ते नाटक पहिल्याने पाहिले तेव्हा दहा वर्षांचा असेन. शेवटचे पाहिले तेव्हा पहिल्या अंकानंतरच्या विश्रांतीत बाहेर जाऊन, मोटारीत ठेवलेल्या बाटलीतले चार घोट घेऊन, पुन्हा खुर्चीवर येऊन बसलो होतो. सिंधूचे हाल पाहून त्या रात्रीही माझ्या डोळ्यांत पाणी आले. ते पाणी खोटे होते असे मला आजही वाटत नाही. दारू पिणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या बायकोचे दुःख फार चटकन समजते.

गडकऱ्यांचे हे नाटक त्यांच्या निधनानंतर, १९१९ साली, रंगभूमीवर आले. त्याचे पाच अंक आहेत. पाचव्या अंकाच्या अखेरीस सुधाकर मरतो, पडदा पडतो आणि प्रेक्षक हळहळत घरी जातात. शोकांतिकेच्या दृष्टीने हे योग्यच आहे. परंतु समजा, सुधाकर मेलाच नसता. समजा, त्याने तो पेला खरोखरच कायमचा खाली ठेविला असता, तर दुसऱ्या दिवशी सकाळी उठून त्याने काय केले असते? आणि विशेषतः संध्याकाळी सात वाजता काय केले असते? हा सहावा अंक कोणी लिहिलेला नाही, कारण त्यात नाट्य मुळीच नाही. माझ्या वाट्याला मात्र नेमकी त्याच अंकातली भूमिका आली, आणि ती मी गेली दहाबारा वर्षे यथाशक्ती करीत आहे.

दारू कशी लागली आणि कशी सुटली, याची हकीकत सांगण्याचा माझा विचार नाही. अशा हकिकती एकमेकींसारख्या असतात. आणि सांगणाराला त्यांत जितका रस वाटतो तितका ऐकणाराला वाटत नाही. इतकेच सांगतो की, वीस वर्षे मी नियमाने प्यालो. महाविद्यालयातला तास मी कधी चुकविला नाही, याचा मला मोठा अभिमान असे. २०१४ च्या पावसाळ्यात एका रात्री घराच्या जिन्यावरून पडून माझे मनगट मोडले. मला उचलावयास पत्नी धावत आली तेव्हा तिचा चेहरा मी अगदी जवळून पाहिला. ती मनात हिशेब करीत होती. डॉक्टरांना काय सांगावयाचे, महाविद्यालयात काय कळवावयाचे, शेजारच्यांना सकाळी काय उत्तर द्यावयाचे, याचा हिशेब. ती शाळेत गणित शिकविते; हिशेबाला ती कधी चुकत नाही. त्या शांतपणाची जी धास्ती मला बसली ती अजून गेलेली नाही. पुढे एक महिना मी एका केंद्रात काढला, आणि तेथून आल्यावर दारू सोडलेल्या लोकांच्या सभेला दर रविवारी जाऊ लागलो.

आता खऱ्या विषयाकडे येतो. दारू सोडलेल्या माणसाला घरात जो मान मिळतो तो नव्या जावयालाही मिळत नसेल. आपल्याकडील १९४९ च्या दारूबंदी कायद्याने दारू पिण्याचा परवाना ‘आरोग्यरक्षणासाठी’ देण्याची सोय करून ठेविली आहे. ती वाचून मी पूर्वी पुष्कळ हसलो आहे. दारू सोडल्यावर तसलाच एक परवाना घरच्यांनी मला न पिण्याबद्दल दिला. पूर्वी दिवसाला दहा सिगारेटी ओढीत असे, त्या पंचवीस झाल्या. कोणी काही बोलले नाही. चहाचे दहा-बारा पेले होऊ लागले, प्रत्येकात तीन चमचे साखर. कोणी काही बोलले नाही. रात्री झोप येईना, म्हणून दोन दोन वाजेपर्यंत जागून स्वयंपाकघरातले डबे धुंडाळू लागलो, तर पत्नी त्या डब्यांत बेसनाचे लाडू अधिक ठेवू लागली. “निदान दारू तरी पीत नाहीत,” हे वाक्य आमच्या घराच्या उंबरठ्यावर कोरून ठेवावयास हरकत नव्हती. त्या वाक्याच्या आश्रयाने वर्षभरात माझे वजन अकरा किलो वाढले आणि जिना चढताना दम लागू लागला.

शिवाय पुस्तकी माणसाला पुस्तकी आधार मिळण्यास कितीसा उशीर? अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या संघाने १९३९ साली जो ग्रंथ काढला त्यात, दारू सोडलेल्याने जवळ थोडी मिठाई बाळगावी, तिचा उपयोग होतो, अशा अर्थाचा सल्ला आहे. तो मी आनंदाने शिरोधार्य मानला. चहासाठी तर प्रत्यक्ष डॉक्टर जॉन्सन माझ्या बाजूस उभे होते. त्यांनी आयुष्यातली पुष्कळ वर्षे मद्य वर्ज्य केले होते आणि चहा मात्र ते किटल्याच्या किटल्या पीत. हॅनवे नावाच्या गृहस्थाने चहाविरुद्ध लिहिले तेव्हा १७५७ साली जॉन्सनसाहेबांनी त्याचा समाचार घेताना आपण पक्के चहाबाज आहोत, अशी कबुलीच देऊन टाकली. इतक्या थोर माणसाच्या पंगतीला बसावयास मिळाले म्हणून मी चहाचा आणखी एक पेला मागवीत असे.

परंतु ज्या पुस्तकांनी मला आधार दिला त्यांतच एक साक्षीदार विरुद्ध बाजूचाही होता, आणि तो माझ्या फार जिव्हाळ्याचा. चार्ल्स लॅमने १८१३ साली एका मद्यप्याची कबुली म्हणून एक निबंध लिहिला. तो सर्वस्वी आत्मवृत्त मानावा की काय, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. मी तो वर्गात किती वर्षे शिकविला, आणि शिकविताना आदल्या रात्रीचा वास तोंडाला येऊ नये म्हणून वेलदोडे कसे चघळीत असे, ते आठवले म्हणजे आज लाज वाटते. त्या निबंधातला मनुष्य एकदा दारूच्या सोबत्यांपासून सुटतो खरा. पण पुढे त्याला तंबाखूचे सोबती भेटतात. धूर काय, निरुपद्रवी वस्तू, असे तो समजतो. आणि त्या धुराच्याच पायवाटेने हळूहळू पुन्हा पेल्यापाशी येऊन पोहोचतो. हा भाग मी विद्यार्थ्यांना मोठ्या रसाळपणे समजावून दिला होता. स्वतःला समजावून देण्याचे तेवढे राहून गेले होते.

माझे डोळे उघडले ते मात्र लॅममुळे नव्हे. २०१६ च्या मार्चमध्ये प्राप्तिकराच्या कामासाठी काही पावत्या हव्या होत्या, म्हणून मी पत्नीची जमाखर्चाची वही उघडली. आमच्या लग्नापासून ती वही लिहीत आली आहे. भाजीच्या पन्नास पैशांचीही तीत नोंद सापडेल. पाने उलटताना एक शब्द वारंवार दिसू लागला. ‘औषध, २४०.’ दुसऱ्या दिवशी पुन्हा ‘औषध, २४०.’ त्या महिन्यात घरात कोणी आजारी नव्हते. मी मागची पाने पाहिली, मागची वही पाहिली. केंद्रातून मी परत आल्याच्या आठवड्यापासून ही नोंद सुरू झालेली होती. तो खर्च माझ्या सिगारेटींचा होता.

ती पाकिटे माझ्यासाठी ती स्वतः आणीत असे, हे मला ठाऊक होते. पण ठाऊक असणे आणि कळणे यांत अंतर आहे. संध्याकाळी मी सिगारेटीसाठी बाहेर पडलो तर कोपऱ्यावरच्या पानपट्टीपुढे चाळीस पावलांवर दारूचे दुकान लागे. ती चाळीस पावले वाचावी म्हणून शाळेतून येताना ती पानपट्टीशी थांबे. चार टवाळ पोरे उभी असत, त्यांत तिचे जुने विद्यार्थीही असत. पानपट्टीवाला तिला पाहताच न बोलता दोन पाकिटे वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून देई. ही नोंद वहीत कशी करावी, असा प्रश्न त्या बाईंना पडला असला पाहिजे. पूर्वी माझ्या दारूचा पैसा ती ‘किरकोळ’ या सदरात घालीत असे, तेही मला त्या दुपारी जुन्या वह्यांत सापडले. आता तिने शब्द बदलला होता, इतकेच. जिने उभ्या जन्मात एक आकडा खोटा लिहिला नाही, तिला खरा आकडा लिहून त्याच्यापुढे खोटा शब्द लिहावयास मी भाग पाडले होते. आणि एका अर्थी तो शब्द खोटाही नव्हता. तिला ते खरोखरच औषध वाटत होते, तिच्या भीतीवरचे.

मी त्याच दिवशी सिगारेट सोडली. येथे लेख संपविता आला असता तर किती बरे झाले असते! नऊ दिवस मी धीर धरला. त्या नऊ दिवसांत मी मुलीवर ओरडलो, जेवणाचे ताट दूर लोटले, आणि एका सहकाऱ्याशी परीक्षेच्या कामावरून भांडून घरी येऊन दार आपटले. ते दार आपटण्याची पद्धत जुनी होती आणि घरातल्या दोघींच्याही ती चांगली ओळखीची होती. नवव्या रात्री पत्नीने माझ्यापुढे पाकीट आणून ठेविले, काड्यांची पेटी ठेविली, आणि म्हणाली, “अहो, ओढा. पण ते नको.”

मी ओढली. ती दाराशी उभी राहून मी ओढीत असलेले पाहत होती, आणि तिला हायसे वाटत होते.

त्या रविवारी सभेत मी हा सगळा प्रकार सांगितला. आमच्या सभेत एस.टी.तून निवृत्त झालेले एक वाहक येतात. तिकिटांच्या पेटीप्रमाणे त्यांचे बोलणेही मोजके, टकटक वाजणारे. सभा संपल्यावर चहा घेताना ते मला म्हणाले, “सर, थोरली गेली, पण तिची भावकी अजून तुमच्या घरात हाय. दोन वेळचं जेवून ऱ्हातीया.” मी म्हणालो, “पण एका वेळी एकच सोडावे, असे सगळे सांगतात ना?” ते म्हणाले, “एका वेळी एक म्हंजे दुसरं कधीच नाही, असं कुणी सांगितलंय?”

मी प्राध्यापक पडलो. मला उत्तर सुचले नाही म्हणजे मी वाचावयास बसतो. आमची ही सभा ज्या संघाची, तो १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन गावी बिल विल्सन नावाचे एक शेअर दलाल आणि बॉब स्मिथ नावाचे एक शल्यवैद्य यांनी स्थापिला. विल्सन यांनी १९३४ च्या डिसेंबरात दारू सोडली, ती पुन्हा म्हणून शिवले नाहीत. जगभरच्या लक्षावधी लोकांना त्यांनी तिच्या तावडीतून सुटण्याची वाट दाखविली. परंतु सिगारेट ते जवळजवळ आयुष्यभर ओढीत राहिले. आणि १९७१ च्या जानेवारीत एम्फिसीमा या फुप्फुसांच्या विकाराने जर्जर होऊन वारले. हे वाचले त्या रात्री मी वही मिटून बराच वेळ तसाच बसून होतो. ज्याने दारात आलेल्या वाघाला परतवून लाविले, त्याला घरात फिरणाऱ्या मांजराने खावे, तसे झाले हे.

आणि हे काही एकट्या विल्सन यांचेच दुर्दैव नव्हे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी, १९७२ ते १९८३ या काळात तेथे मुख्यतः दारूच्या व्यसनावर उपचार घेतलेल्या ८४५ लोकांचे पुढे काय झाले, याचा शोध घेतला आणि १९९६ साली तो तिकडच्या वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. मरण पावलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोक दारूपायी गेले होते. आणि निम्म्याहून किंचित अधिक, तंबाखूपायी. म्हणजे ज्या शत्रूवर उपचार झाला त्याच्याहून, ज्याला सोबती म्हणून घरात ठेवून घेतले त्याने अधिक बळी घेतले. सिगारेट सोडावयास गेले तर दारू पुन्हा येईल, ही माझ्या पत्नीची भीती पुष्कळ डॉक्टरांनाही पूर्वी वाटत असे. २००४ साली एकोणीस प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र करून पाहण्यात आले. उपचाराबरोबरच ज्यांना तंबाखू सोडण्यासही साहाय्य दिले गेले, ते दारू वा अन्य मादक द्रव्यांपासून दीर्घकाळ दूर राहण्याचा संभव कमी झाला नाही. उलट सुमारे पंचवीस टक्क्यांनी अधिक आढळला. हा आकडा मी पत्नीपुढे ठेविला. तिने तो दोनदा वाचला. गणिताच्या बाईंना आकड्याखेरीज दुसऱ्या कशाने धीर येणार?

दुसऱ्या खेपेस मी शूरपणा केला नाही. २०१७ च्या जूनमध्ये, महाविद्यालय उघडण्याच्या आधी पंधरा दिवस, डॉक्टरांचा सल्ला घेतला. त्यांनी निकोटिनचे च्युइंगम दिले, आणि पहिला आठवडा सर्वांत कठीण जाईल, ओढ लागली म्हणजे ती काही मिनिटेच टिकते, तेवढी मिनिटे काढा, असे सांगितले. पत्नीला मी एकच विनंती केली: मी कितीही ओरडलो तरी पाकीट आणावयाचे नाही. तिने विचारले, “आणि तुम्ही ओरडलात तर मी काय करू?” मी म्हणालो, “तू ओरड.” लग्नानंतरच्या सव्वीस वर्षांत हा अधिकार तिला मी प्रथमच देत होतो, हे बोलून गेल्यावर माझ्या ध्यानात आले.

ती मिनिटे काढावयाची कशी? येथे मला आजीच्या घरचा उपाय सापडला. लहानपणी दिवेलागणीच्या वेळी आम्हां मुलांना लोळावयास बंदी असे. हातपाय धुऊन देवापुढे बसावयाचे, शुभंकरोती म्हणावयाची, मग परवचा. पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी. तेव्हा हा मुलांचा छळ वाटे. आता वाटते, जुन्या लोकांना त्या वेळेची नीट पारख होती. दिवसाचे काम संपलेले असते आणि रात्र अजून झालेली नसते. मनुष्याचे स्वतःशी जे काही येणे-देणे असेल ते मागावयास त्याच वेळी कोणीतरी दाराशी येऊन उभे राहते. आमच्या वाडवडिलांनी ती वेळ पाढ्यांनी भरून टाकली होती. मी ती रिकामी केली, आणि मग दारूने भरली, धुराने भरली, लाडवांनी भरली. तेव्हा सात वाजले की मी कृष्णेच्या काठाने आयर्विन पुलापर्यंत चालत जाऊ लागलो आणि वाटेने पाढे म्हणू लागलो. एकोणतिसाचा पाढा न अडखळता म्हणावयास लागणारा वेळ आणि सिगारेटीच्या ओढीचा जोर ओसरावयास लागणारा वेळ, हे मला साधारण सारखे आढळले. पावकीत मात्र मी अजून अडखळतो. पत्नी बरोबर असली तर दुरुस्त करिते.

भावकीतले बाकीचे लोक आता एकेक पुढे येऊ लागले. सिगारेट सुटल्यावर दुसऱ्या आठवड्यात माझी छाती धडधडू लागली, हात थरथरू लागले, झोप पार उडाली. मला वाटले, हृदयविकारच. डॉक्टरांनी तपासून विचारले, “चहा किती?” मी सांगितले, “दहा पेले. नेहमीचाच.” ते हसले. सिगारेटीच्या धुरातल्या काही द्रव्यांमुळे यकृत चहा-कॉफीतले कॅफिन भराभर निकालात काढीत असते. धूर बंद झाला म्हणजे तो वेग मंदावतो, आणि तितक्याच चहाने रक्तातले कॅफिन सुमारे दुप्पट होते. म्हणजे मी काही न वाढविता वीस पेले पीत होतो! चहा निम्म्यावर आणला, दुपारी चारनंतरचा बंद केला, आणि तीन वर्षांत प्रथमच सकाळपर्यंत सलग झोपलो. दारू, धूर, चहा आणि जागरण ही चार निरनिराळी व्यसने नसून एकाच वाड्यातल्या चार खोल्या आहेत आणि मधली दारे उघडी आहेत, हे त्या सकाळी उमगले.

मधल्या दोन महिन्यांत मी सुगंधी सुपारीची पुडी खिशात बाळगू लागलो होतो. तंबाखू नाही, तेव्हा दोष नाही, अशी समजूत. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तंबाखूविरहित सुपारीसही निश्चित कर्करोगकारक ठरविले आहे, हे कळल्यावर ती पुडी गेली. गोडाची गोष्ट मात्र मी प्रामाणिकपणे अर्धवट म्हणेन. चहातली साखर गेली, रात्रीचे डबे बंद झाले; पण पंधरा ऑगस्टची जिलेबी आणि दिवाळीचे लाडू यांच्याशी माझा तह झालेला आहे, आणि तो मोडण्याची मला इच्छा नाही. दारूशी तह करिता येत नाही, लाडवांशी येतो. हा फरक ओळखणे हेही शहाणपणच.

असे सगळे सुटत गेले, आणि शेवटी एक सवय उरली, जिला मी सवय म्हणून ओळखलेच नव्हते. २०१९ साली मुलीने मुंबईची चांगली नोकरी सोडून नागपुरास संशोधनासाठी जाण्याचे ठरविले. मला ते पसंत नव्हते. बोलता बोलता वाद वाढला, आणि माझ्या तोंडून निघून गेले, “मी दारू सोडली, सिगारेट सोडली, आणखी काय काय करू तुमच्यासाठी?” मुलगी क्षणभर गप्प राहिली. मग अगदी हळू म्हणाली, “बाबा, तुम्ही दारू सोडलीत, ती उसनी दिलीत का आम्हांला?”

मला राग आला, आणि लगोलग तो गेला, कारण ती म्हणाली ते अक्षरशः खरे होते. पाच वर्षे मी त्या एका पुण्याईवर व्याज खात होतो. भाजीत मीठ कमी पडले, कोणी बोलावल्यावर उशिरा आले, माझ्या मताविरुद्ध कोणी बोलले, की मी ती हुंडी काढून दाखवीत असे. तोंडाने नव्हे, तर चेहऱ्याने. मी घेतलेल्या कर्जाची फेड करीत होतो आणि स्वतःला सावकार समजत होतो. ही सवय बाकीच्यांइतकीच जुनी; दारूच्या दिवसांत हीच मला सांगत असे की, इतके कष्ट करितो, तर संध्याकाळी दोन पेले हा माझा हक्कच आहे. सगळी भावकी गेली तरी भावकीचा हा म्हातारा कर्ता पुरुष घराच्या ओसरीवर बसून होता. तो गेला आहे, असे मी म्हणणार नाही. त्याची जागा मला ठाऊक झाली आहे, आणि तो खोकला की मी सावध होतो. मुलगी नागपुरास गेली. तेथे तिचे उत्तम चालले आहे. मला विचारले नाही तेच बरे झाले.

गेल्या महिन्यातली गोष्ट. संध्याकाळी पावणेसात वाजले होते. पत्नी स्वयंपाकघरात होती; तेथूनच म्हणाली, “अहो, कोपऱ्यावरून कोथिंबिरीची एक जुडी आणता का?” मी पिशवी घेऊन निघालो. पानपट्टीशी आल्यावर माझ्या ध्यानात आले की, दहा वर्षांत संध्याकाळच्या या वेळी तिने मला एकट्याला काही आणावयास पाठविले नव्हते. माझ्याबरोबर ती येई, किंवा काम सकाळवर ढकली. दारूचे दुकान तेथेच होते, दिवे लागले होते, माणसे उभी होती. पुढे भाजीवाली होती. तिच्याकडून मी जुडी घेतली आणि परतलो.

पूर्वी मी बाहेरून आलो की पत्नी दाराशी येई. हातातली पिशवी घेण्याच्या निमित्ताने ती जवळ येई आणि एक श्वास आत ओढी. मी दारू सोडल्यावरही कित्येक वर्षे तिची ही रीत सुटली नव्हती. ते मी कधी बोलून दाखविले नाही, तिनेही नाही. माझ्या व्यसनापायी तिला लागलेले ते व्यसन होते, आणि ते माझ्या सर्व व्यसनांच्या मागून सुटावे हे न्यायाचेच होते. त्या संध्याकाळी मी दारात दोन क्षण उभा राहिलो. ती बाहेर आली नाही. मी आत जाऊन जुडी तिच्यापुढे ठेविली. तिने ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, “ही कसली आणलीत? सगळी पिवळी पडलीय. इतकी वर्षं बाजारात जाता, एक जुडी नीट बघून घेता येत नाही?”

मी काहीच बोललो नाही. इतके निखळ, निर्भय बोलणे मी तिच्याकडून पुष्कळ वर्षांत ऐकले नव्हते.